इंटरनेटसाठी खालच्या कक्षेत हजारो उपग्रह हवेतच कशाला?

उत्तरायण (धागाकर्ता)

पृथ्वीभोवती चालू अवस्थेतले उपग्रह आता दहा हजारांच्या वर गेलेत आणि त्यांतले निम्म्याहून जास्त उपग्रहांवरून इंटरनेट विकणाऱ्या एकट्या स्टारलिंकचे आहेत. त्यांची पहिली मोठी खेप गेली ती मे २०१९ मध्ये. मागे ॲमेझॉन आणि चिनी कंपन्या रांगेत उभ्या आहेतच. 'तुम्ही विज्ञानविरोधी' वगैरे ऐकून घ्यायला नको म्हणून आधीच सांगतो: उपग्रहांना माझा विरोध नाही. इंटरनेट विकण्यासाठी खालच्या कक्षेत जी झुंबड उडाली आहे तिला विरोध आहे. तिथे किती उपग्रह सोडायचे याला आंतरराष्ट्रीय मर्यादा हवी, असं माझं मत आहे.

ज्यांच्यावाचून खरंच अडतं ते उपग्रह मोजून बघा. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या चारही दिशादर्शक प्रणाल्या धरून उपग्रह भरतात सव्वाशेच्या आसपास. तेवढ्यावर विमानं, जहाजं, बँकांची घड्याळं आणि सगळ्यांच्या खिशातले फोन चालतात. हवामानाला त्याहून कमी पुरतात. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किमी उंचीवर उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या एका गिरकीइतक्याच वेळात होते, त्यामुळे खालून तो जागचा हलत नाही. जपानचा हिमावारी तिथून दर दहा मिनिटांनी समोरच्या अख्ख्या पृथ्वीचं चित्र पाठवतो. १९७५-७६ साली नासाकडून वर्षभरासाठी मिळालेल्या एटीएस-६ या एकाच उपग्रहाने भारतातल्या सहा राज्यांतल्या २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचवली होती. एका!

स्टारलिंकसारख्या खालच्या कक्षेतल्या, ५५० किमीवरच्या उपग्रहाचं तसं नाही. तो दीड तासात पृथ्वी पालथी घालतो आणि तुमच्या डोक्यावर जेमतेम काही मिनिटं असतो. तो मावळायच्या आत दुसरा हजर हवा, दुसऱ्यामागे तिसरा. त्यातही बराच वेळ ही मंडळी समुद्रावरून, म्हणजे गिऱ्हाईकच नसलेल्या भागावरून फिरत असतात. आयुष्य पाचेक वर्षं. मग जाळायचे आणि नवे सोडायचे.

धोका काय तो २००९ मध्ये दिसलाच. १० फेब्रुवारीला सैबेरियावर सुमारे ७९० किमी उंचीवर इरिडियम ३३ हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस २२५१ हा केव्हाच बंद पडलेला उपग्रह एकमेकांवर आदळले. वेग सेकंदाला अकरा किमीहून जास्त. नुसते माग काढता येण्याजोगे तुकडेच दोन हजारांच्या घरात. एका टकरीचे तुकडे पुढच्या टकरी घडवतील आणि हे आपोआप वाढत जाईल, असं डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्येच मांडून ठेवलं होतं.

पटत नसेल तर खोडून काढा.


खलाशी०७

पहिल्या परिच्छेदापासून असहमत.

'ज्यांच्यावाचून अडतं' ते ठरवणार कोण? ज्याच्या घरात केबल आली आहे तो? मी मालवाहू जहाजावर इंजिन रूममध्ये असतो. तुमच्या त्या जागचा न हलणाऱ्या उपग्रहावर आम्ही बरीच वर्षं काढली. डेकवर पांढरा घुमट, आत उपग्रहाकडे तोंड करून फिरणारी डिश. जहाजाने कोर्स बदलला आणि उपग्रह धुराड्याच्या आड गेला की लिंक गुल. उत्तरेला जावं तसा उपग्रह क्षितिजाला टेकत जातो, आणि ध्रुवाच्या जवळ तर दिसतच नाही. लिंक असली तरी पहिला मान ऑफिसच्या मेलना, उरलंसुरलं आम्हाला. घरी बोलताना आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. दोघं एकदम बोलणार, मग 'बोल बोल' म्हणून दोघं एकदम गप्प होणार. यातच मिनिटं संपायची.

खालच्या कक्षेतले उपग्रह आल्यापासून हा प्रकार गेला. मध्यंतरी एका पोराचा हात वाफेने भाजला होता. किनाऱ्यावरच्या डॉक्टरने व्हिडिओवर जखम बघून काय लावायचं, काय लावायचं नाही ते सांगितलं. पूर्वी हेच आम्ही ईमेलमध्ये वर्णन लिहून कळवायचो आणि उत्तराची वाट बघत बसायचो.

२,४०० गावांचं उदाहरण छान आहे, पण ती गावं फक्त बघत होती. उलट काही बोलण्याची सोय बहुतेकांना नव्हतीच. दूरचित्रवाणी आणि इंटरनेट एका तागडीत कसे घालता?


तिरकस

म्हणजे खलाशांना रील्स दिसावेत म्हणून केसलर साहेबांची भविष्यवाणी खरी करायची. चालू द्या.


खलाशी०७

@तिरकस, सहा-सहा महिने पाण्यावर काढून या आणि मग रील्सवर बोला. जहाजावरच्या माणसांना घरच्यांशी संपर्काची सोय मिळावी अशी दुरुस्ती सागरी कामगार करारात २०२२ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२४ पासून ती लागू आहे. ती चैन म्हणून घातलेली नाही.


रात्रपाळी

धागाकर्त्याशी सहमत, कारण मात्र वेगळं.

दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशाचे फोटो काढायचा नाद आहे. एकेक फ्रेम तीन मिनिटांची, अशा पन्नास-साठ घेऊन एकावर एक रचायच्या. संध्याकाळी अंधार पडल्यावर आणि पहाटेआधी जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये एक तरी पांढरी रेघ असते. आपल्याकडे अंधार असतो, पण साडेपाचशे किमीवर अजून ऊन असतं, म्हणून ते चमकतात. माझ्यासारख्याचं फारसं बिघडत नाही. सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम ताडून बघतं आणि एकाच फ्रेममध्ये उमटलेली रेघ वजा करून टाकतं.

पण ज्यांचं कामच 'एकाच फ्रेममध्ये काय उमटलं' हे शोधणं आहे, त्यांनी काय करायचं? चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचा आरसा ८.४ मीटरचा आहे. अख्खं दक्षिण आकाश पुन्हा पुन्हा टिपून काल नव्हतं ते आज काय दिसतंय हे हुडकायचं, यासाठीच ती बांधली. सूर्याच्या बाजूला असणारे, पृथ्वीच्या जवळ येणारे लघुग्रह शोधायची वेळ कोणती, तर नेमकी तीच: संध्याकाळ आणि पहाट, क्षितिजाजवळ. रेघ पुसता येते हो, पण रेघेखाली जे होतं ते परत मिळत नाही.

कंपनीने काही केलंच नाही असंही नाही. २०२० मध्ये एक उपग्रह काळा रंगवून पाहिला, मग ऊन अडवणारे पडदे लावून पाहिले. चमक कमी झाली, पण मोठ्या दुर्बिणींना त्रास होणार नाही इतकी नाही. शिवाय रेडिओ दुर्बिणींची गोष्ट न्यारीच. युरोपातल्या लोफार दुर्बिणीला २०२३ मध्ये असं आढळलं की या उपग्रहांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधूनच नको त्या लहरी झिरपतात. तिथे ना रंग कामाचा ना पडदा.


निर्वात

धागाकर्त्याने भीती बरोबर घातली आहे, आरोपी चुकीचा पकडला आहे.

कचऱ्याचा प्रश्न उपग्रह किती आहेत यापेक्षा ते किती उंचीवर आहेत याचा जास्त आहे. ५५० किमीवर विरळ का होईना, हवा असते. उपग्रह मेला आणि कुणी हातही लावला नाही तरी हवेच्या घर्षणाने तो साधारण पाच वर्षांत खाली येऊन जळतो. आठशे किमीवर तोच शंभर वर्षं किंवा त्याहून जास्त फिरत राहतो. हजार-बाराशेवर गेलात तर नातू-पणतूही विसरा.

आता तुमच्या 'खरंच अडणाऱ्या' गटातला एक नमुना बघा. युरोपचा एन्व्हिसॅट, पृथ्वीच्या निरीक्षणासाठी २००२ मध्ये सोडलेला, वजन आठ टन. अत्यंत उपयोगी उपग्रह, त्याबद्दल दुमत नाही. एप्रिल २०१२ मध्ये त्याचा संपर्क तुटला आणि तेव्हापासून तो साधारण ७७० किमीवर मुका होऊन फिरतोय. अजून शंभर-दीडशे वर्षं फिरेल. त्याच्यावर काही आदळलं तर काय होईल याची कल्पना करा. त्याच पट्ट्यात जुन्या सोव्हिएत रॉकेटांचे कित्येक टनांचे टप्पे आहेत, २००७ मध्ये चीनने स्वतःचाच फेंगयुन-१सी क्षेपणास्त्राने फोडला त्याचे तीन हजारांहून जास्त तुकडे आहेत. हे सगळं देशांनी, सरकारी पैशाने केलेलं. इंटरनेटवाल्यांनी नव्हे.

शिवाय हे नवे उपग्रह टक्कर टाळायला स्वतःहून बाजूला होतात. डिसेंबर २०२२ ते मे २०२३ या सहा महिन्यांत स्टारलिंकने अशा सुमारे पंचवीस हजार हालचाली केल्या. एन्व्हिसॅट एक तरी करतो का?


उत्तरायण

@निर्वात, सहा महिन्यांत पंचवीस हजार वेळा बाजूला व्हावं लागतं, हे तुम्ही सुरक्षिततेचा पुरावा म्हणून सांगताय. मला तर तो गर्दीचा पुरावा वाटतो.

आणि हे बाजूला होणं अंदाजावर चालतं. दुसरी वस्तू उद्या नेमकी कुठे असेल हे आज कळलं पाहिजे. मे २०२४ च्या सौर वादळात वरची हवा तापून फुगली, घर्षण वाढलं, हजारो उपग्रहांनी उंची सावरण्यासाठी जवळजवळ एकाच वेळी इंजिनं पेटवली आणि त्या दोन-तीन दिवसांत कोण कुठे असेल याचे अंदाजच विस्कटले. काही झालं नाही, मान्य. पण तेव्हा जितके उपग्रह होते त्याच्या पाचपट असताना असं वादळ आलं तर?

@खलाशी०७, तुमची अडचण खोटी आहे असं मी म्हणतच नाही. जहाजं, विमानं, ध्रुवाजवळची ठाणी यांना काहीशे उपग्रहांत सेवा देता येते. इरिडियम ६६ उपग्रहांवर ध्रुवांसकट जगभर फोन चालवतं. वनवेबने साडेसहाशेच्या आसपास उपग्रहांत ब्रॉडबँड दिलंच ना? मग चाळीस हजारांचे आराखडे कुणासाठी?


निर्वात

वनवेब बाराशे किमीवर आहे. उंच म्हणून कमी उपग्रहांत भागतं, आणि उंच म्हणूनच तिथे मेलेला उपग्रह शतकानुशतकं खाली येत नाही. तुमच्या मर्यादेचा परिणाम हाच होणार: संख्या कमी ठेवायची म्हणून सगळे वर सरकणार, म्हणजे नेमके जिथे जायला नको तिथे. संख्येवर बंधन घालून तुम्ही कचरा लांबणीवर टाकताय, कमी करत नाही आहात.


भूजल_मापक

दोन्ही बाजूंचं थोडं चुकतंय असं वाटतं. उपयोगाचे उपग्रह थोडे आणि इंटरनेटचे फार, ही विभागणी आता तितकीशी खरी राहिलेली नाही.

जमिनीची चित्रं घेणारा अमेरिकेचा लँडसॅट १९७२ पासून आहे, २००८ पासून त्याची चित्रं सगळ्यांना फुकट आहेत, आणि जमिनीच्या अभ्यासासाठी त्याच्याइतकं जुनं सलग दप्तर दुसरं नाही. पण एक लँडसॅट त्याच जागेवर परत येतो सोळा दिवसांनी. त्या दिवशी ढग असले की आणखी सोळा दिवस थांबा. पावसाळ्यात पूर येऊन ओसरलाही असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये इस्रोच्या एका रॉकेटने १०४ उपग्रह सोडले होते, आठवतंय? त्यांतले ८८ हाताने उचलता येतील एवढे छोटे कॅमेरे होते. असा ताफा वर असल्यामुळे आता जवळजवळ सगळ्या जमिनीचं रोज चित्र मिळतं. ही गर्दी इंटरनेटसाठी नाही. तिच्यावरही तुमची मर्यादा बसणार का?

उलट बाजूचं उदाहरण माझ्याच विषयातलं. जमिनीखालचं पाणी कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी ग्रेस नावाची जोडी २००२ मध्ये गेली: एकामागे एक, मध्ये सुमारे २२० किमी अंतर. पुढचा उपग्रह जड भागावर आला की किंचित पुढे ओढला जातो, अंतर वाढतं. मागचाही तिथे पोचला की ते पुन्हा जुळतं. केसाच्या जाडीहूनही कमी फरक मोजायचा आणि त्यावरून खाली किती वस्तुमान कमी झालं ते काढायचं. वायव्य भारतातला भूजलाचा उपसा २००९ मध्ये याच पद्धतीने जगासमोर आला. हजारो विहिरी मोजूनही जे एकसंध चित्र उभं राहत नव्हतं, ते दोन उपग्रहांनी दाखवलं.

तेव्हा दोन पुरतात की दोनशे लागतात, हे काम ठरवतं. सरसकट आकडा ठरवणं मला पटत नाही.

आणि एक राहिलं. चक्रीवादळाचं उपग्रहचित्र १९९९ मध्ये ओडिशाच्या वेळीही होतं, तरी सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ च्या फायलिनमध्ये दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. चित्र वरून येणं हे अर्धंच काम आहे. ते शेवटच्या वस्तीपर्यंत पोचवायला संपर्क लागतो, आणि तुम्ही त्यालाच 'इंटरनेट विकणं' म्हणताय.


उत्तरायण

फायलिनच्या वेळी माणसं हलवली ती निवारे बांधलेले होते, यंत्रणा तयार होती आणि लोक दारोदार फिरले म्हणून. स्टारलिंकचा तेव्हा पत्ताही नव्हता. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

रोजच्या चित्रांचा मुद्दा मात्र दमदार आहे. पण तो ताफा काहीशेच्या आतच आहे ना? माझं भांडण हजारोंशी आहे.


तिरकस

एक भाबडी शंका. मर्यादा घालणार कोण? वर चौकी बसवणार का?


कलम_सहा

@तिरकस, शंका भाबडी अजिबात नाही, सगळ्या धाग्यात तोच खरा प्रश्न आहे.

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमाप्रमाणे खासगी कंपनीने अवकाशात काहीही केलं तरी जबाबदार तिचा देश. दुसऱ्या कलमाप्रमाणे अवकाशावर कुणाची मालकी नाही. म्हणजे अमुक कक्षेत अमुकच उपग्रह, असं सांगायचा अधिकार आज जगात कुणालाच नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना रेडिओ लहरींच्या आणि भूस्थिर कक्षेतल्या (म्हणजे त्या जागच्या न हलणाऱ्या उपग्रहांच्या) जागांच्या वापराचा ताळमेळ घालते, खालच्या कक्षेत किती उपग्रह असावेत याचा नव्हे. तिथेही आधी येईल त्याला आधी. परिणाम काय, तर लोक कागदावर जागा धरून ठेवतात. २०२१ मध्ये रवांडाच्या नावाने ३ लाख २७ हजार उपग्रहांचा अर्ज दाखल झाला होता. हे रोखायला २०१९ मध्ये नियम आला की ठरावीक मुदतीत दहा टक्के, मग निम्मे, मग सगळे उपग्रह वर गेले पाहिजेत. कागदी अर्जांना थोडा चाप बसला, पण ज्यांच्याकडे रॉकेटं आहेत त्यांना घाई करायला आणखी एक कारण मिळालं.

नुकसानभरपाईचं बघा. १९७२ च्या करारानुसार उपग्रह जमिनीवर पडून नुकसान झालं तर चूक सिद्ध करावी लागत नाही. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ कॅनडात पडला, १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने तीस लाख कॅनडियन डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. पण टक्कर वरच झाली तर कुणाची तरी चूक दाखवावी लागते, आणि आडवं येणाऱ्याने थांबायचं की समोरच्याने, याचे बंधनकारक नियमच नाहीत. २००९ च्या टकरीत चूक कुणाची? मेलेल्या उपग्रहाची?

धागाकर्त्याच्या मर्यादेबद्दल माझी हरकत वेगळीच आहे. १९७६ मध्ये विषुववृत्तावरच्या आठ देशांनी बोगोटा जाहीरनाम्यात आपल्या डोक्यावरच्या भूस्थिर कक्षेवर हक्क सांगितला. कुणी मानला नाही, पण रडगाणं नव्हतं ते: पुढारलेले देश सगळ्या जागा पटकावतील आणि आम्ही पोचेपर्यंत काही उरणार नाही, ही भीती होती. आज मर्यादा घातलीत तर जे वर आहेत त्यांची जागा पक्की आणि जे यायचेत त्यांना दार बंद. मर्यादा हवी असेल तर आधी वाटणी ठरवा. ते जमणार आहे का?


रात्रपाळी

वाटणी ठरेपर्यंत आकाश भरून झालेलं असेल, त्याचं काय?


निर्वात

@कलम_सहा, नवा करार लागतोच असं नाही. परवाना देणारा देश अट घालू शकतो. काम संपल्यावर पंचवीस वर्षांत खाली आणा असा जुना संकेत होता, अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२२ मध्ये तो पाच वर्षांवर आणला. अमेरिकेची बाजारपेठ हवी असेल तर परदेशी कंपनीलाही तो पाळावा लागतो.


कलम_सहा

आणि ज्याला ती बाजारपेठ नकोच आहे त्याला? ऑगस्ट २०२४ मध्ये चीनच्या लाँग मार्च ६ए ने इंटरनेटचे अठरा उपग्रह वर सोडले आणि त्याचा वरचा टप्पा आठशे किमीच्या आसपास फुटला. तीनशेहून जास्त तुकडे झाले. तिथे अमेरिकेच्या आयोगाची अट काय कामाची?


निर्वात

हे मान्य. म्हणूनच मी उपग्रह न मोजता वजन गुणिले वर्षं मोजा म्हणतो. किती किलो, बंद पडल्यावर किती वर्षं कक्षेत राहणार, यावर प्रत्येक देशाला वाटा ठरवून द्या. तो फुटलेला टप्पा या हिशोबात एकटा शेकडो छोट्या उपग्रहांवर भारी पडतो, आणि ५५० किमीवरचे उपग्रह जवळजवळ सुटतात. तुमच्या संख्येच्या हिशोबात तो टप्पा मोजलाच जात नाही, कारण तो उपग्रह नाही.


उत्तरायण

वजन गुणिले वर्षं हा हिशोब मला संख्येपेक्षा बरा वाटतो, यावर विचार करतो. पण त्यात एक भोक आहे. खाली आणून जाळला की तुमच्या खात्यातून तो उपग्रह गेला. तो जातो कुठे? ॲल्युमिनियम जळून वरच्या हवेतच बारीक कणांच्या रूपात राहतं. २०२३ मध्ये विमानातून मोजणी झाली तेव्हा स्थितांबरातल्या सल्फ्युरिक आम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे दहा टक्क्यांत रॉकेट-उपग्रहांचे धातू सापडले. पहिल्या पिढीचा स्टारलिंक अडीचशे किलोंच्या आसपास होता, नंतरचे दुपटीहून जड आहेत. दर पाच वर्षांनी हजारो जाळायचे आणि तेवढेच नवे सोडायचे. ओझोनच्या थरावर याचा काय परिणाम होईल हे कळायच्या आधीच आपण हे नेमाने करायला लागलोय. तुमच्या गुणाकारात याला किंमत शून्य का?


निर्वात

शून्य नाही, पण वर ठेवण्यापेक्षा कमी धरतो. वर राहिलेला तुकडा उद्या कुणावर तरी आदळू शकतो, हे पक्कं माहीत आहे. जळलेल्याचं नुकसान अजून मोजायचं आहे.


खलाशी०७

'अजून मोजायचं आहे' हे वाक्य जहाजाच्या धुराबद्दलही ऐकत होतो, गंधकाची मर्यादा २०२० मध्ये येईपर्यंत. मी उपग्रहांच्या बाजूचा असलो तरी जाळण्यावर काही मोजमाप, काही कर आत्ताच लावायला माझी ना नाही. घुमटाचं भाडं कंपनी भरते, त्यात तो मिळवा.


तिरकस

ऑफिसने भाडं वाढलं म्हणून लिंक काढली की याच धाग्यावर परत या.